शंभर कोटींचा तो निकाल

ऑगस्ट २०२५मध्ये १९५८च्या मर्चंट शिपिंग कायद्याच्या जागी नवा कायदा आला. लोकसभेत तो गदारोळातच मंजूर झाला. जेमतेम अडीच महिन्यांपूर्वी, २५ मे रोजी, कोचीजवळ ‘एमएससी एल्सा ३’ हे जहाज ६४० कंटेनर घेऊन बुडाले होते आणि केरळच्या किनाऱ्यावर प्लास्टिकचे मणी पसरले होते. तरी समुद्रावर धड चर्चा झाली नाही. दिल्लीत बसून हे पाहताना फार लागले.

जहाजांच्या प्रदूषणावरच्या नियमांचा आधीचा इतिहास दोन ओळींत संपतो. १९६७मध्ये ‘टोरी कॅनियन’ हे तेलवाहू जहाज फुटले, १९७३ आणि ७८मध्ये जहाजांचे प्रदूषण रोखणारा मारपोल करार घडला, १९८६मध्ये भारत त्यात आला. नियम चोख आहेत. बिल्जच्या, म्हणजे जहाजाच्या तळाशी साचणाऱ्या, पाण्यात दहा लाख भागांमागे १५ भागांहून जास्त तेल नको, कच्चे मैलापाणी बारा सागरी मैलांच्या आत सोडायचे नाही, प्लास्टिक तर कुठेच नाही. पण नियम मोडणाऱ्याला किंमत मोजावी लागते, असे आपल्याकडे बरीच वर्षे कुणाला वाटत नव्हते.

ते वाटू लागले २०१०नंतर. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया ३’ ही जहाजे एकमेकांवर आदळली. चित्रा कलंडली, कंटेनर समुद्रात पडले, तेल खारफुटीच्या मुळांवर चढले. वर्षभराने, ४ ऑगस्ट २०११ रोजी, इंडोनेशियाहून दहेजला साठ हजार टन कोळसा नेणारे ‘रॅक कॅरियर’ मुंबईपासून वीसेक सागरी मैलांवर बुडाले. तेल जुहूला लागले.

रॅक कॅरियरचे प्रकरण दिल्लीत, राष्ट्रीय हरित लवादापुढे आले. लवाद तेव्हा नवाच होता, ऑक्टोबर २०१०मध्ये स्थापन झालेला. २३ ऑगस्ट २०१६ रोजी न्यायमूर्ती स्वतंत्र कुमार यांच्या पीठाने जहाजमालकांच्या डेल्टा समूहाला शंभर कोटी आणि कोळशाच्या मालकाला, अदानी एंटरप्रायझेसला, पाच कोटी भरायला सांगितले. जहाज प्रवासाच्या लायकीचे नव्हते, हेही लवादाने नोंदवले. किनाऱ्यापासून एवढ्या दूरचे पाणी लवादाच्या कक्षेत येत नाही, हा बचाव टिकला नाही. निकाल लागला तेव्हाही जहाज आणि कोळसा समुद्रतळाशीच होते. तरी कोपर्निकस मार्गावरच्या लवादाच्या त्या इमारतीने समुद्राची बाजू घेतली, याचा मला आजही अभिमान वाटतो.

तो जोर टिकला नाही. डिसेंबर २०१७मध्ये न्यायमूर्ती कुमार निवृत्त झाले. पुढच्याच वर्षी सदस्य नेमले नाहीत म्हणून लवादाचे पुण्याचे पीठ थंडावले आणि कोकणातल्या माणसाची दाद दिल्लीतून व्हिडिओवर ऐकायची वेळ आली. हा लवादाचा दोष नव्हता. रिकाम्या खुर्च्या भरणे सरकारच्या हातात होते. यासाठी मी त्या वर्षांतल्या पर्यावरण मंत्रालयाला माफ करणार नाही.

आता एल्साबद्दल केरळने उच्च न्यायालयात ९,५३१ कोटींचा दावा लावला, ते योग्यच केले. मात्र बुडालेले जहाज निदान बातमीत येते. रात्री चोरून पाइप जोडून समुद्रात सोडलेले बिल्ज बातमीत येत नाही. ते, आणि टँकर धुतलेले तेलकट पाणी, पावसाळ्यात डांबरगोळे होऊन गोव्याच्या नि कोकणच्या वाळूवर येते. पायाला चिकटलेला गोळा सहज निघत नाही, जाळ्याला लागला तर जाळेच जाते. रापण ओढणाऱ्या मच्छीमाराला त्याची भरपाई कोण देणार? कुठल्या जहाजावर दावा लावायचा, हेच त्याला कळत नाही. नव्या कायद्याखालचे नियम ठरवताना धक्क्याला लागलेल्या जहाजाचे ‘ऑइल रेकॉर्ड बुक’, म्हणजे तेलाची नोंदवही, टाकीतल्या मापाशी पडताळणारी माणसे वाढवा, आणि तेलकट पाणी उतरवून घेण्याची सोय प्रत्येक बंदरात असू द्या.