पडद्यावर काय शिकावे, हाताने काय शिकावे



आज घरोघरी कुणी ना कुणी कोर्स करीत असते. नातू संगणकाचा करतो, शिक्षिका असलेली सून सक्तीचे सेवांतर्गत प्रशिक्षण पुरे करते, निवृत्त झालेले काका योगाचा वर्ग लावतात. त्यातला काही भाग मोबाईलवर होतो, काही एखाद्या सभागृहात. शिक्षणशास्त्रात याला मिश्र अध्ययन म्हणतात. नाव चांगले आहे. पण मिश्रण म्हटले की प्रमाण आले, आणि कोणते द्रव्य कशासाठी घातले हा प्रश्नही आला. औषधे देणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. प्रशिक्षणाच्या व्यवहारात मात्र तो प्रश्न सहसा कुणी विचारीत नाही. जे चित्रित करायला सोपे ते पडद्यावर जाते आणि वेळ उरला तर प्रात्यक्षिक होते. माझे म्हणणे एवढेच की ही वाटणी सोय पाहून न करता माणूस शिकतो कसा ते पाहून करावी. त्याचा अभ्यास करणाऱ्यांनी गेल्या सुमारे एकशे चाळीस वर्षांत बरेच काही हाती दिले आहे आणि ते वापरायला फारसे पैसे पडत नाहीत.

उदाहरण एकच घेतो : सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर दाब देऊन रक्त फिरते ठेवणे. हे निवडण्याचे कारण असे की इथे शिकणे खरे झाले की नाही ते लपत नाही. छाती पाच सेंटिमीटर खाली गेली किंवा नाही गेली. दुसरे कारण आपल्या सर्वांच्या घरातले आहे. आपल्यापैकी पुष्कळांकडे आता मोठ्या वाड्यात किंवा फ्लॅटमध्ये दोनच वडीलधारी माणसे राहतात. मुले पुण्याला, बंगळुरूला, नाहीतर त्याहून लांब. रुग्णालयाबाहेर हृदय अकस्मात बंद पडण्याच्या घटना सर्वांत जास्त घरातच होतात. त्या वेळी जवळ असते ते डॉक्टर नव्हे; नवरा, बायको, शेजारी किंवा स्वयंपाकाच्या मावशी. मदत न मिळाल्यास दर मिनिटाला जगण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी कमी होते असे मानतात. १०८ ची गाडी कितीही वेगाने आली तरी पहिली पाच-सात मिनिटे घरच्यांचीच. मी होमिओपॅथीचा डॉक्टर आहे, म्हणूनच स्पष्ट सांगतो की त्या मिनिटांत साबुदाण्याच्या गोळ्यांच्या पुडीचा काही उपयोग नाही, माझ्याही नाही आणि कुणाच्याही नाही. तिथे दोन हात लागतात.

ही कृती फार जुनी नाही. १९६० साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर या तिघांनी छाती न उघडता बाहेरून दाब देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्याच वर्षी नॉर्वेतल्या आसमुंड लेर्डाल नावाच्या खेळणी बनविणाऱ्याने सरावासाठी माणसाएवढी बाहुली तयार केली. सीन नदीत बुडालेल्या एका अनोळखी मुलीच्या मुखवट्यावरून तिचा चेहरा घडवला असे सांगतात. मला यात महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. शोध आणि बाहुली एकाच वर्षी आली. हे वाचून किंवा ऐकून येणारे काम नाही, हे त्या लोकांना पहिल्या दिवसापासून कळले होते.

आता पडद्याकडे येऊ. सीपीआरचे उत्तम व्हिडिओ आज फुकट मिळतात आणि आपल्या गटांतून फिरतही असतात. पाहणाऱ्याला वाटते, हे तर सोपे आहे. या वाटण्याचाच अभ्यास शिकागो विद्यापीठातल्या मायकेल कार्डास आणि एड ओब्रायन यांनी २०१८ साली प्रसिद्ध केला. बाण फेकण्यासारख्या कौशल्याचा व्हिडिओ काहींना एकदा दाखवला, काहींना वीस वेळा. वीस वेळा पाहणाऱ्यांना आपण जास्त चांगले करू असा विश्वास आला. प्रत्यक्षात त्यांचा बाण इतरांपेक्षा चांगला लागला नाही. पाहिल्याने कौशल्य वाढले नाही, भरवसा तेवढा वाढला. सीपीआरच्या बाबतीत हा भरवसा घातक आहे, कारण मनातले पाच सेंटिमीटर आणि हाताचे पाच सेंटिमीटर यांत फार अंतर असते. पहिल्यांदा बाहुलीवर बसणारा जवळजवळ प्रत्येक जण कमी दाबतो. समोर छाती दिसली की हात आपोआप हळुवार होतो. हा आपला सुसंस्कृतपणा असेल, पण त्या वेळी तो आड येतो.

मग पडदा टाकाऊ आहे का? मुळीच नाही. त्याची जागा वेगळी आहे. जॉन स्वेलर यांनी १९८८ साली बोधनिक भाराची उपपत्ती मांडली. आपली कामचलाऊ स्मृती लहान आहे. नवशिक्याला एकाच वेळी पाच गोष्टी सांगितल्या तर एकही नीट आत जात नाही. सभागृहात चाळीस माणसे, एक बाहुली, आणि निवेदक सांगतो आहे की प्रतिसाद पाहा, श्वास पाहा, फोन करा, हाताची टाच छातीच्या मध्यभागी ठेवा, कोपरे ताठ, मिनिटाला १०० ते १२० दाब, दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या. ऐकणाऱ्याचा घडा तिथेच भरून वाहतो. हीच माहिती आधी चार-चार मिनिटांच्या तुकड्यांत, घरी, थांबवून, मागे नेऊन पाहता आली तर सभागृहात यायच्या आधी डोके मोकळे होते. तिथे फक्त हाताकडे लक्ष द्यायचे उरते. ‘काय’ आणि ‘का’ पडद्यावर, ‘कसे’ हाताने, असे म्हणता येईल. पण ही विभागणी फार काटेकोर धरू नये. धापा टाकल्यासारखा तुटक श्वास हा नेहमीचा श्वास नव्हे, हे ओळखायला व्हिडिओइतके चांगले साधन नाही. ते शब्दांत सांगून कळत नाही आणि बाहुलीला करता येत नाही.

हातांचा भाग आला की वर्तनवाद्यांकडे जावे लागते. ज्ञानरचनावादाचा बोलबाला झाल्यापासून शिक्षणवर्तुळात स्किनरचे नाव जरा नाक मुरडून घेतात. मला ते पटत नाही. स्किनर १९५३ साली आपल्या मुलीच्या शाळेत गणिताच्या तासाला बसले होते. त्यांना दोन गोष्टी खटकल्या : उत्तर बरोबर की चूक हे मुलांना लगेच कळत नव्हते, आणि साऱ्या वर्गाला एकाच चालीने चालावे लागत होते. त्यातून त्यांची शिकवण्याची यंत्रे निघाली. ती यंत्रे गेली, मुद्दा राहिला. सरावाच्या काही पुतळ्यांत दाब पुरेसा झाला की टक् असा आवाज होतो. तो आवाज म्हणजे स्किनरच आहे. शिक्षक चाळिसांपैकी एकाकडे पाहत असताना उरलेल्यांना पुतळा सांगतो. गतीसाठी मेट्रोनोमचे अ‍ॅप ११० वर लावावे. परदेशात ‘स्टेइंग अलाइव्ह’ या गाण्याच्या ठेक्यावर हे शिकवतात. आपल्याकडे टाळकऱ्यांची कमी नाही. त्यांनी तो वेग भजनाच्या कोणत्या चालीत बसतो ते शोधून द्यावे. सेकंदाला जवळजवळ दोन दाब होतात, एवढे ध्यानात ठेवावे.

बांडुरा यांनी दाखवले की माणूस दुसऱ्याला पाहून शिकतो. मघाच्या बाणांच्या प्रयोगाशी हे विसंगत वाटेल. तसे नाही. बांडुरांच्या मांडणीत पाहणे ही पहिली पायरी आहे. पाहिलेले लक्षात राहणे, ते स्वतः करून पाहणे आणि करण्याची इच्छा असणे या पुढच्या पायऱ्या त्यातच आहेत. म्हणून सीपीआरच्या चांगल्या वर्गांत व्हिडिओ लावून, तो चालू असतानाच प्रत्येक जण आपापल्या पुतळ्यावर दाबतो. पडदा आणि हात एकाच क्षणी एकत्र येतात. मिश्र शब्दाचा मला कळलेला सर्वांत चांगला अर्थ हाच.

आणि शिक्षक? रशियातले व्हिगॉट्स्की १९३४ साली, वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी गेले. पण त्यांची एक कल्पना अजून शिक्षकाची नोकरी राखून आहे. शिकणाऱ्याला एकट्याला जमते ते एक वर्तुळ, आणि जाणत्याच्या मदतीने जमते ते त्याबाहेरचे थोडे मोठे वर्तुळ. शिकवणे या दोन वर्तुळांमधल्या पट्ट्यात होते. पुतळ्याला टक् करता येते, पण तुमचे खांदे हातांच्या सरळ वर नाहीत म्हणून तुम्ही लवकर थकता हे त्याला सांगता येत नाही. सत्तरीच्या बाईंना गुडघे टेकवत नाहीत, त्यांनी काय करावे? दोन मिनिटे दाबून दुसऱ्याला जागा द्यावी आणि तोपर्यंत फोन स्पीकरवर ठेवून १०८ शी बोलावे, ही वाटणी शेजाऱ्यांत आधीच ठरवता येते. हे माणूसच सांगू शकतो. ज्या संस्था मिश्र प्रशिक्षण म्हणजे शिक्षकांचा खर्च वाचवण्याची युक्ती असे समजतात, त्या नेमका हाच पट्टा कापून टाकतात.

आता विसरण्याविषयी, कारण सगळ्यात मोठी गळती इथे आहे. जर्मनीतल्या हेर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ करून, स्वतःच किती विसरतो ते मोजले आणि १८८५ साली प्रसिद्ध केले. विसरणे सुरुवातीला झपाट्याने होते, मग मंदावते. आणि अंतराअंतराने उजळणी केली तर टिकते. सीपीआरचे प्रमाणपत्र सहसा दोन वर्षांचे असते, पण हाताची सफाई काही महिन्यांतच घसरू लागते हे वारंवार दिसून आले आहे. म्हणजे कागद ताजा आणि हात शिळा. अमेरिकन हार्ट असोसिएशनने रुग्णालयांसाठी दर तीन महिन्यांनी थोडा थोडा सराव करण्याची पद्धत आणली ती यामुळेच.

उजळणी म्हणजे तोच व्हिडिओ पुन्हा पाहणे नव्हे. २००६ साली रोडिगर आणि कार्पिके यांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी ते पुन्हा वाचले. काहींनी न पाहता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी पाहिले तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने पाहिले तर आठवून लिहिणारे पुढे निघाले. आठवण्याचे श्रम हीच उजळणी आहे. तेव्हा गटावर व्हिडिओ ढकलण्याऐवजी प्रश्न ढकलावा : आजोबा खुर्चीतच मान टाकून आहेत, हाक मारून उठत नाहीत, पहिले काय कराल? उत्तर दुसऱ्या दिवशी द्यावे.

माझ्यासारख्या जैन घरात वाढलेल्याला हे वाचताना तत्त्वार्थसूत्रातले स्वाध्यायाचे पाच प्रकार आठवतात : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. वाचून घेणे, विचारणे, मनात घोळवणे, शुद्ध पाठ पुन्हा पुन्हा म्हणणे, आणि दुसऱ्याला सांगणे. आपल्याकडे सगळे आधीच होते असे मला म्हणायचे नाही. तो विषय मोक्षमार्गाचा, हा छाती दाबण्याचा. पण मोजून पाहा, पाचांपैकी व्हिडिओ करतो ते फक्त पहिले. उरलेल्या चारांत शिकणाऱ्याला स्वतः काहीतरी करावे लागते.

मिश्र पद्धत सभागृहापेक्षा सरस आहे का, असा प्रश्न मला नेहमी विचारतात. अमेरिकेच्या शिक्षण विभागाने पुष्कळ अभ्यास एकत्र करून काढलेल्या २०१० च्या अहवालात मिश्र वर्गांचे निकाल केवळ समोरासमोरच्या वर्गांपेक्षा काहीसे चांगले निघाले. जाहिरातवाले इथेच थांबतात. त्याच अहवालात पुढे म्हटले आहे की मिश्र वर्गांतल्या विद्यार्थ्यांना बहुधा अभ्यासाला जास्त वेळ आणि जास्त साहित्यही मिळाले होते, त्यामुळे श्रेय माध्यमाचे समजू नये. मला हे वाक्य अहवालातल्या साऱ्या आकड्यांहून मोलाचे वाटते.

आपल्या मंडळाने असा वर्ग काढला तर मी तो असा आखीन. आधीचा आठवडाभर मोबाईलवर चार-पाच लहान तुकडे, मराठीतून, आणि प्रत्येकाच्या शेवटी दोन प्रश्न. मराठीतून हे मुद्दाम म्हणतो. ज्यांच्या हातून हे व्हायचे त्यांतल्या अनेकींना इंग्रजी सूचना भाषांतर करीत ऐकाव्या लागतात, आणि तो पुन्हा स्मृतीवरचा भारच. भारतीय भूलतज्ज्ञांच्या संस्थेच्या पुढाकाराने २०१७ मध्ये सामान्य माणसासाठी केवळ छातीवर दाब देण्याची, तोंडाने श्वास न देण्याची सोपी रीत ठरली आहे, तीच शिकवावी. मग एका रविवारी दोन तास. पाच-सहा माणसांमागे एक पुतळा, आणि भाषण दहा मिनिटांहून जास्त नाही, अध्यक्षांचेही नाही. घरी उशीवर हात ठेवण्याचा सराव करायला हरकत नाही, पण उशी खोली शिकवीत नाही. आणि जिवंत माणसाच्या छातीवर सराव कधीही करू नये.

रविवारी येताना प्रत्येकाने आपल्या जिन्यावरच्या एका शेजाऱ्याला बरोबर आणावे. तीन महिन्यांनी सगळ्यांना पुन्हा बोलवावे, माणशी पाच मिनिटे पुरतात. त्यासाठी सभागृह लागत नाही. वाचनालयाच्या ओसरीवर, वर्तमानपत्रांच्या टेबलाशेजारी पुतळा ठेवला तरी चालेल.