‘बरं हाय’ म्हणजे किती बरं?

झरी जामणीकडे ऑपरेशन होऊन घरी आलेल्या माणसाला शेजारी विचारतात, “कसं वाटून राहिलं आता?” तो म्हणतो, “बरं हाय जी.” संपलं! पण किती बरं? रात्री झोप लागते, की टाके ठणकतात? डॉक्टरांपुढे तर माणूस संकोचाने जरा जास्तच ‘बरं’ म्हणतो.

म्हणून २०१३ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या भूलतज्ज्ञांनी १५ प्रश्नांचा एक तक्ता प्रसिद्ध केला. कालपासून आजपर्यंत श्वास मोकळा चालला का, अन्न गोड लागले का, आपले तोंड-आंघोळ आपण उरकता आले का, मन उदास झाले का, असे साधेच प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते १० गुण, एकूण १५०. मात्र दुखणे, मळमळ, काळजी यांचे गुण उलटे. दुखणे मुळीच नसेल तर १०! हे नीट समजावले नाही, तर कण्हणाऱ्यालाच पूर्ण गुण मिळायचे.

हा तक्ता जपानीतही उतरवला गेला आहे. अशा कामाची रीत पाहा. एकाने भाषांतर करावयाचे. मूळ प्रत न पाहिलेल्या दुसऱ्याने ते पुन्हा इंग्रजीत न्यावयाचे. दोन्ही ताडून पाहावयाची, आणि मग खऱ्या रोग्यांना विचारून पारखावयाचे. जपानी माणूस ठणक्याला ‘झुकिझुकि’ म्हणतो, टोचण्याला ‘चिकुचिकु’. आपले ‘ठणठण’, ‘चुरचुर’ त्याला लगेच कळेल, नाही का?

शब्दाला शब्द ठेवला की मात्र फसगत होते. मूळ तक्त्यात एक प्रश्न आहे, त्याचा भाव असा की, आराम वाटतो का आणि आपले आपल्याला सावरता येते का. तिथे कोणी ‘सर्व ताब्यात आहे का?’ असे लिहिले, तर आपला शेतकरी सातबारा काढून दाखवील! ‘रोजच्या कामाला लागता आले का’ या प्रश्नातले काम टोकियोत कचेरीतले असेल. इकडे ते कापूस वेचण्याचे आहे, पाणी भरण्याचे आहे.

आणि गुरुजी, आपल्या तालुक्यात एवढ्यावर भागत नाही. पैनगंगेच्या या भागात कोलामांचे पोड आहेत. कोलामी ही मराठीची बोली नव्हे. ती तेलुगूच्या कुळातली, द्राविडी भाषा आहे. मराठी तक्ता म्हातारीपुढे धरला, की शाळेत जाणारा नातू दुभाषी होतो. आता नातवापुढे ती लघवीचे, टाक्यांचे दुखणे सांगेल? ती म्हणेल, “बरं हाय,” आणि तक्त्यात १० पडतील. आत जखम चिघळत असली तरी!

तेव्हा उद्या असे प्रश्न कोलामीत करण्यासाठी कोणी आपली मदत मागितली, तर पाटी-पेन्सिल घेऊन एकटे बसू नका. पोडातली एखादी जाणती बाई शेजारी बसवा, आणि ठणक्याला ती काय म्हणते ते आधी ऐका.