अबोल मूल म्हणजे मठ्ठ मूल नव्हे

प्रगतिपुस्तक घरी आले की आपण फक्त गुणांचा रकाना पाहतो. पटापट उत्तर देणारा हुशार, गप्प बसणारा मठ्ठ, असा शिक्का मारून मोकळे होतो. परंतु स्वभाव वेगळा आणि समज वेगळी, हे आम्हाला आमच्या बौद्ध माता-पित्यांना सांगावेसे वाटते.

तथागतांनी माणसांचे चार प्रकार सांगितले आहेत. थोडक्यात सांगताच समजणारा, विस्ताराने सांगितल्यावर समजणारा, हळूहळू मार्गदर्शनाने समजणारा आणि नुसते शब्द पाठ करणारा. आपल्या परीक्षेत पुष्कळदा हा चौथाच पहिला येतो! चूळपंथक भिक्खूला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना. सख्ख्या थोरल्या भावाने त्याला विहारातून जाण्यास सांगितले. तथागतांनी त्याच्या हाती स्वच्छ कापड देऊन ते चोळत राहण्यास सांगितले. कापड मळत गेले आणि त्याला अनित्यता उमगली.

मूल गप्प का, हेही पाहिले पाहिजे. बाल भीमरावांना शाळेत वेगळे बसविले जाई, संस्कृत शिकू दिले गेले नाही. अशा वर्गात मूल गप्प राहिले, तर दोष मुलाचा की वर्गाचा?

आमच्या श्रीवर्धनात आईसोबत सुपारी सोलायला बसणारी मुलगी शेकड्याचा हिशेब तोंडी करते, पण फळ्यासमोर अडखळते. तिला गणित येत नाही असे म्हणायचे काय?

महाराष्ट्रात २०१० पासून पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. त्यात लेखी चाचणीबरोबर दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प यांनाही स्थान आहे. शिक्षकांनी मुलाची प्रगती, आवड व सुधारणेची गरज शब्दांत नोंदवायची असते. २०२३ मध्ये पाचवी व आठवीची वार्षिक परीक्षा पुन्हा आली. म्हणून तर या नोंदींकडे लक्ष देणे अधिकच गरजेचे झाले आहे.

तेव्हा पालकसभेचा दिवस मजुरी बुडाली तरी चुकवू नका. "मार्क किती?" एवढेच विचारू नका. मुलाला काय येते, ते कसे तपासले आणि कुठे अडते, हे तीन प्रश्न विचारा. नोंदी वाचून दाखवा म्हणा. अक्षर येत नसेल तर वस्तीतल्या शिकलेल्या मुलाला सोबत न्या. आणि घरी लेकराला मठ्ठ म्हणणे आजपासून बंद करा.