साखर वेगळी

एका सरकारी कचेरीचं कॅन्टीन. सकाळचे अकरा. पाऊस असा कोसळतोय की जिन्यावर उघड्या छत्र्यांची रांग लागलीय आणि आत आलेल्या प्रत्येकाला काहीतरी गरम हवंय.

दाराशेजारी नवाकोरा फलक: रोजच्या खाण्यात तेल किती, साखर किती. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं जून २०२५मध्ये कार्यालयांना असे फलक लावायला सुचवलं, तेव्हा ‘आता सामोशावरही इशारा येणार’ म्हणून केवढा गलका झाला! मंत्रालयाला खुलासा करावा लागला. इथे गलका नाही, कारण फलक कुणी वाचतच नाही. एक कारकून त्याला टेकून वडापाव खातोय. ३०० मिलिलिटर थंड पेयात ३० ग्रॅमच्या वर साखर, ही ओळ नेमकी त्याच्या पाठीमागे.

खरी हालचाल काउंटरवर आहे. कॅन्टीन चालवणाऱ्या बचत गटाच्या काकींनी चहा बिनसाखरेचा केलाय. साखरेचा डबा बाजूला, त्यात छोटा चमचा. आधी चहा उकळतानाच साखर पडायची, तीही सैल हातानं. कचेरीत दिवसाला पाच चहा काही फार नव्हेत. कपाला १० ग्रॅम धरली तरी ५० ग्रॅम झाली. दिवसभरात २५च्या आत राहिलात तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लेखा शाखेतले एक भाऊ दुसरा चमचा भरतात, मागच्या रांगेकडे बघतात आणि अर्धा परत डब्यात सोडतात. दहा व्याख्यानांनी हे झालं नसतं.

“काकी, वडे कुठे गेले?”

“आहेत हो, मागे. वाईच थांबा. तोवर घावणे घ्या, तव्यावरचेच आहेत.”

थांबायला वेळ कुणाला आहे? जाळीदार घावणा, काळ्या वाटाण्याची उसळ. पुढे ठेवलेलं आधी संपतं, हे काकींना कुठल्या आहारतज्ज्ञानं शिकवलेलं नाही.

कोपऱ्यातल्या नाचणीच्या आंबिलीकडे मात्र कुणी फिरकत नाही. १०० ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, २०२३ साल तर भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं. पण ज्यांनी लहानपणी भाताला पर्याय म्हणून आंबीलच प्यायली, ते ती इथे पैसे देऊन का पितील? हीच मंडळी मुलांसाठी नाचणीची बिस्किटं मात्र हौसेनं नेतात. त्यातली साखर पुड्याच्या मागे, बारीक अक्षरांत. काकी आज आंबिलीत ताक, जिरं घालून ती काचेच्या ग्लासांत मांडतात. दोन ग्लास उठतात. दोनच.

खरी परीक्षा महिनाअखेरीची. निवृत्तीचा निरोप म्हणजे सामोसा, पेढा, वेफर, हे ठरलेलंच. शिपाईभाऊ यादी घेऊन येतात. आस्थापना शाखेच्या मॅडम म्हणतात, “यंदा घावणे ठेवूया की.”

निवृत्त होणाऱ्या बाई तिथेच चहा पिताहेत. “अजिबात नको. तीस वर्षं पहाटे उठून घरी तेच घातलेत. माझ्या निरोपाला सामोसाच.”

हशा पिकतो. यावर मॅडमकडे उत्तर नाही, माझ्याकडेही नाही. शेवटी तडजोड होते: सामोसा राहू दे, पण वेफर काढून केळं द्यायचं.

शिपाईभाऊ यादीत खोडतात, लिहितात, मग पेन कानाला लावून विचारतात, “मॅडम, केळ्याचे वेफर आणले तर?”