बाजारात न मिळणारा भाग

अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात येणारी मंडळी साधारणतः प्रथम पॅटन रणगाड्यांकडे वळतात. युद्धाच्या आठवणी, तोफांच्या लांब नळ्या, मुलांची छायाचित्रे यांत वेळ जातो. १९९४ मध्ये खुल्या झालेल्या या संग्रहालयातील सर्वांत जुने वाहन मात्र रणगाडा नव्हे. ती मोटारगाडी आहे. रोल्स-रॉइस कंपनीच्या ‘सिल्व्हर घोस्ट’ या गाडीवर पोलादी चिलखत चढवून तिला युद्धासाठी सिद्ध केलेले होते.

या गाडीच्या घडणीतील एक गोष्ट व्यापारी वाचकाला विशेष रोचक वाटेल. १९०६ ते १९२६ या काळात रोल्स-रॉइसने या जातीच्या सात हजार आठशेहून अधिक गाड्या तयार केल्या. परंतु कंपनी गिऱ्हाइकाला पूर्ण गाडी विकत नसे. इंजिन, चाके आणि सांगाडा एवढेच ती देई. वरची बैठक, दारे, छत, चाकांवरची पंखे हे सारे गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कारागिराकडून करवून घेई. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले तेव्हा ब्रिटिश नौदलाने हाती येतील तेवढे सांगाडे ताब्यात घेतले आणि त्यांवर रिबिटांनी पोलादी पत्रे ठोकले. म्हणजे या गाडीचा खालचा अर्धा भाग कारखान्याच्या मापाने जन्मला आणि वरचा अर्धा माणसाच्या हाताने. अशा गाडीचा एखादा भाग मोडला तर तो कोठे मिळणार?

तो कोठेच मिळत नाही. ज्या मालाला वर्षाकाठी एखादेच गिऱ्हाईक, तो माल कोणता दुकानदार भरून ठेवील? जुन्या गाडीचा धनी म्हणून शेवटी कारागिराच्या दारी जातो आणि एकच नग नव्याने घडवून घेतो. व्यापाराच्या दृष्टीने हा सौदा विचित्र आहे. धातूची किंमत नगण्य, मजुरी मात्र भरमसाट; शिवाय पहिला नग बिघडला तर दुसरा करावा लागतो.

जैन व्यापारी समाजाचे आणि मोटारीचे नाते जुने आहे. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लायमाउथ, पुढे फियाट अशा गाड्या बाहेर पडल्या. नगरच्या फिरोदिया कुटुंबाने टेम्पो आणि लुना घरोघरी नेली. लुनाचा कारखाना तर नगरातच उभा राहिला. पाटणच्या भोगीलाल लेहरचंद घराण्यातील प्राणलाल भोगीलाल यांनी अहमदाबादजवळ कठवाडा येथे शंभराहून अधिक जुन्या गाड्या जमवून संग्रहालय केले. आडत किंवा कापडाच्या व्यापारावर उभ्या राहिलेल्या एखाद्या वाड्याच्या मागच्या पडवीत आजोबांची गाडी ताडपत्रीखाली उभी असेल, तर पुढील मजकूर त्या घरासाठी आहे.

धातूला आकार देण्याचे काम नगरला परके नाही. विजापूरच्या बुरुजावरील मुलूख मैदान तोफ १५४९ मध्ये नगरला ओतली गेली. सुमारे ५५ टन वजनाचे ते मिश्रधातूचे ओतीव काम आजही पाहणाऱ्याला थक्क करते. तांब्यापितळेच्या भांड्यांच्या येथील उद्योगाची नोंद १८८४ च्या गॅझेटिअरमध्ये आहे. तांबटाची ही विद्या मोटारीच्या पत्राकामाला फार जवळची आहे, इतकी की चाकावरची पंखी घडवणाऱ्याचे काम पाहताना हंडा घडवणाऱ्याची आठवण व्हावी.

पंखी कशी होते ते पाहू. सुमारे सव्वा मिलिमीटर जाडीचा सपाट पोलादी पत्रा घेतात. शाबूत असलेल्या दुसऱ्या बाजूच्या पंखीवर चार-चार इंचांवर पुठ्ठ्याचे साचे कापून तिचा बाक उतरवून घेतात आणि तेच साचे उलटे लावून पाहतात. मग वाळूने गच्च भरलेल्या पिशवीवर पत्रा ठेवून लाकडी मोगरीने मधला भाग ठोकतात. मध्ये ठोकला की पत्रा ताणला जातो आणि त्याला पोट येते. कडेला मात्र तो आखडावा लागतो, म्हणून तेथे चुण्या पाडून त्या हलक्या हाताने एकमेकींत जिरवतात. ताणणे सोपे, आखडणे कठीण. येथेच नवशिका आणि मुरलेला कारागीर वेगळे ओळखू येतात. पुढे दोन चाकांच्या यंत्रातून पत्रा मागेपुढे फिरवत ठोक्यांचे व्रण पुसले जातात. शेवटी कडेत जाड तार घालून कड वळवतात. बादलीच्या काठाला जशी तार असते तशीच. खळगा राहिला आहे का, हे डोळ्यांआधी तळहाताला कळते.

ठोकून धातू कडक होतो आणि तसाच ठोकत राहिले तर चिरतो. म्हणून मधूनमधून तो तापवून मऊ करावा लागतो. तांबे याबाबत प्रामाणिक आहे. लाल झाले की पुरे झाले. ॲल्युमिनियम मात्र काहीच सांगत नाही. सुमारे ६६० अंशांना ते वितळते आणि तोवर त्याचा रंग बदलत नाही. काल हाती असलेला भाग क्षणात ओघळून जातो. यावर जुन्या कारागिरांचा तोडगा असा: पत्र्यावर साध्या साबणाची रेघ ओढायची आणि खालून जाळ द्यायचा. रेघ काळपट तपकिरी झाली की जाळ काढायचा. तापमापक यंत्र स्वस्त झाले तरी ही साबणाची रेघ अजून गेलेली नाही.

ओतीव भागांची तऱ्हा निराळी. त्यांसाठी प्रथम लाकडाचा नमुना करतात, तो वाळूत दाबून साचा घेतात आणि त्यात रस ओततात. निवताना धातू आखडतो, म्हणून नमुना मुद्दाम मोठा ठेवावा लागतो. आपल्याकडच्या कारखान्यांत इंचाच्या आठव्या भागाला ‘सूत’ म्हणतात, आणि हा हिशेब सुतातच फार सुबक बसतो: बिडाला फुटामागे एक सूत, पितळेला दीड सूत, पोलादाला दोन सूत. जुन्या बिडाच्या भागावरूनच थेट साचा घेतला, तर नवा भाग फुटामागे एक सूत लहान निघतो आणि बोल्टांची भोके जुळत नाहीत.

बोल्टांचीही कथा आहे. जुन्या इंग्रजी गाड्यांचे आटे व्हिटवर्थ पद्धतीचे, ५५ अंशांचे. अमेरिकी आटे ६० अंशांचे. बहुतेक मापांत दोन्हींची इंचामागची संख्या सारखीच असते, पण अर्ध्या इंचाच्या बोल्टला इंग्रजी पद्धतीत १२ आटे आणि अमेरिकी पद्धतीत १३. घाईत हाती आलेली नट एक-दोन फेरे सुखाने फिरते, मग अडते, आणि पान्याने जोर लावणारा माणूस शंभर वर्षांचे आटे एका झटक्यात खरवडून टाकतो.

मात्र या साऱ्या कौशल्याहून अवघड प्रश्न मापाचा आहे. मूळ आराखडा हाताशी नसला की कारागीर जुना भाग मोजतो. पण तो भाग तर झिजला म्हणूनच बदलायचा आहे! झिजलेल्या भागाच्या मापाने केलेला नवा भाग झीज घेऊनच जन्माला येतो. जाणता टर्नर म्हणून जेथे कधी घर्षण झाले नाही अशी जागा शोधतो: बोल्टच्या डोक्याखालची, पट्टीने झाकलेली, दांड्याच्या अगदी टोकाची. तेथले माप खरे. दातेरी चाक असेल तर तो दात्यांची संख्या आणि दोन चाकांच्या मध्यांतील अंतर यांवरून गणित मांडतो. अलीकडे प्रकाशकिरणांनी आकार टिपणारी यंत्रे आली आहेत आणि त्यांनी पुष्कळ श्रम वाचतात. तथापि यंत्र पोचा आणि मूळ बाक दोन्ही सारख्याच निष्ठेने टिपते. कोणता मूळ आणि कोणता अपघाताचा, हे माणसालाच ठरवावे लागते. तेही वाटते तितके सरळ नाही, कारण हाताने घडलेल्या मूळ गाडीच्या डाव्या आणि उजव्या पंख्याही तंतोतंत सारख्या नसत. दोन्ही बाजू आरशासारख्या जुळवणारा अतिउत्साही कारागीर गाडी सुधारत असतो, जपत नसतो.

हा भेद आता केवळ हौशी लोकांच्या वादाचा राहिलेला नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम केले. ५० वर्षांहून जुनी दुचाकी वा चारचाकी, जिच्या सांगाड्यात, बाह्य कायेत किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नाही, अशा वाहनाला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये, मुदत दहा वर्षे. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच अशी गाडी रस्त्यावर काढता येते. म्हणजे सोयीसाठी आजच्या एखाद्या गाडीचे इंजिन बसवून घेणाऱ्या धन्याने गाडी चालती केली, तरी हा मान गमावण्याची पाळी त्याच्यावर येऊ शकते. बाजारभावावर त्याचा काय परिणाम होतो, ते व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही.

मग हाताने घडवलेला नवा भाग मूळ मानायचा की बनावट? जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१३ मध्ये मान्य केलेल्या तुरीन सनदेत याचे समंजस उत्तर आहे. भाग बदलणे गैर नाही, परंतु बदलले ते लपवू नये. नव्या भागावर टिकाऊ खूण असावी आणि कामाची लेखी नोंद ठेवावी. वहीखात्यात मुरलेल्या समाजाला ही शिस्त शिकवण्याची गरज पडू नये. तरीही प्रत्यक्षात पुष्कळ घरी गाडीवर लाखांचा खर्च होतो आणि कागद म्हणून हाती उरते ती रंगाऱ्याची एक पावती. पुढच्या पिढीला कोणता भाग आजोबांच्या काळचा आणि कोणता परवाचा, हे कळायला मार्ग राहत नाही.

यासाठी साधी दोनशे पानी वही पुरते. भागाचे नाव, काढण्यापूर्वीचे आणि बसवल्यानंतरचे छायाचित्र, धातू कोणता, माप कोठून घेतले, काम कोणी केले, तारीख, रक्कम. नव्या भागाच्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूस ठशाने सन उमटवून घ्यावा; कारागीर त्याचे वेगळे पैसे मागत नाही. पुठ्ठ्याचे साचे आणि लाकडी नमुने गाडीच्या धन्याने मागून घ्यावेत, कारण कामगाराच्या शेडमध्ये ते पहिल्या पावसाळ्यातच कुजतात. आणि काढलेला झिजका भाग भंगारात देऊ नये. तेल लावून, चिठ्ठी बांधून तो डब्यात ठेवावा. नव्या भागाचे माप चुकले असल्याचे दहा वर्षांनी ध्यानात आले, तर पुन्हा मोजायला तोच एक पुरावा उरलेला असतो.