‘आठ-दहा लाखांत कोणती गाडी घेऊ?’

‘बजेट आठ ते दहा लाख, घरात पाच माणसं, कोणती गाडी घेऊ?’ एवढा मजकूर मोबाइलवरच्या कुठल्याही ग्रुपवर टाकून बघावा. उत्तरं भराभर येतात, आणि बहुतेक जण स्वतःच्या दारात उभी असलेली गाडीच सुचवतात. एक जण ‘डोळे झाकून घ्या’ म्हणतो, दुसरा त्याच गाडीला ‘नुसता पत्रा’ म्हणून मोडीत काढतो. विचारणारा आधीपेक्षा जास्त गोंधळतो आणि शेवटी मेहुण्याने घेतली तीच गाडी बुक करून मोकळा होतो.

यात उत्तर देणाऱ्यांचा दोष थोडाच. गाडी कुठे, किती आणि कशी चालणार, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

समजा, विचारणारा इंदापूर तालुक्यातल्या कळसचा बागायतदार आहे. घर वस्तीवर. गाडीचं रोजचं काम म्हणजे वस्तीवरून गावात आणि परत. इंजिन तापतं न तापतं तोच गाडी बंद. वालचंदनगर किंवा भिगवणची फेरी अधूनमधून, पुण्याची खेप महिन्यातून एखादी. त्याने ‘डिझेल घेऊ की पेट्रोल?’ एवढंच विचारलं, तर ‘शेतकऱ्याने डिझेलच घ्यावं, ओढायला दमदार’ हे ठरलेलं उत्तर मिळणार. पण १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ ची सक्ती झाली आणि डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेवर काजळी अडवणारा डीपीएफ हा फिल्टर आला. त्यात साठलेली काजळी अधूनमधून जाळावी लागते. त्यासाठी फिल्टरचं तापमान साडेपाचशे-सहाशे अंशांच्या घरात जावं लागतं, आणि ते सहज जमतं ते मोकळ्या रस्त्यावर गाडी काही वेळ सलग पळाली तरच. नुसत्या वस्ती-ते-गाव फेऱ्या मारणाऱ्या गाडीत फिल्टर तुंबत जातो, समोर दिवा लागतो, गाडीचा दम जातो. त्याच कळसमधला दुसरा कुणी आठवड्यातून तीनदा सोलापूर महामार्गाने पुणे गाठत असेल, तर त्याला डिझेल परवडेल. गाव एक, बजेट एक, आणि सल्ला उलटा. दोघांत फरक फक्त रनिंगचा, आणि नेमकं तेच प्रश्नात लिहायचं राहून जातं.

मागच्या सीटवर डाळिंबाचे क्रेट जाणार आहेत का, गुडघेदुखीच्या आईला चढता-उतरता यायला हवं का, वस्तीचा रस्ता पावसाळ्यात कसा होतो, बजेट एक्स-शोरूम आहे की ऑन-रोड, हेही असंच राहतं. ग्राउंड क्लिअरन्सचे आकडे तर जो तो पाठ म्हणून दाखवतो; पण कागदावरचा आकडा बहुधा रिकाम्या गाडीचा असतो. पाच माणसं आणि सामान भरलं की गाडी किती खाली बसते, हे ती गाडी तशाच रस्त्यावर वापरणाऱ्याला विचारायचं असतं.

एके काळी एवढं विचारावं लागत नव्हतं. कळसपासून जवळच असलेलं वालचंदनगर ज्यांच्या नावाने वसलं, त्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट, पद्मिनी बाहेर पडल्या. निवड म्हणजे फियाट, अँबॅसिडर, फार तर स्टँडर्ड. आणि नंबर लावून वाट बघायची. आज एकट्या नेक्सॉनमध्ये पेट्रोल, डिझेल, सीएनजी आणि इलेक्ट्रिक असे प्रकार आहेत, गिअरबॉक्सचे पर्याय वेगळेच. ‘नेक्सॉन कशी आहे?’ या प्रश्नावर जाणकार माणूस आधी ‘कुठली?’ असंच विचारणार.

सगळ्यात लाडका प्रश्न ॲव्हरेजचा. जाहिरातीतला आकडा खोटा नसतो, पण तो रस्त्यावरचाही नसतो. पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेत गाडी रोलरवर ठरावीक वेगपत्रकाप्रमाणे चालवून तो काढतात. वेग ताशी ९० किलोमीटरच्या पुढे जात नाही आणि एसी आजवर बंदच ठेवला जात आला आहे. तेव्हा ‘कंपनी २२ म्हणते, मला १६ मिळतं, इंजिनचं काम निघालं का?’ असं विचारण्याआधी ते १६ कसं मोजलं हे सांगावं. समोरच्या स्क्रीनवरचा आकडा आणि टाकी ते टाकी मोजलेला आकडा यांत तफावत पडते. टाकी फुल करायची, नोझल आपोआप बंद झालं की थांबायचं, ट्रिप मीटर शून्यावर आणायचं, तीन-चारशे किलोमीटर चालवून पुन्हा त्याच पंपावर तशीच टाकी भरायची आणि किलोमीटरला लिटरने भागायचं. हा हिशेब लिहून विचारलं की उत्तर देणारा एकदम गंभीर होतो.

बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्यात तर या प्रश्नाला आपल्याच पिकाचा पदर आहे. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी. निव्वळ पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि १० टक्के मिश्रणाला जुळवून घेतलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज २० टक्के मिश्रणावर सहा-सात टक्क्यांनी घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच होता. म्हणजे जुन्या गाडीचं ॲव्हरेज १८ वरून १७ च्या खाली आलं तर त्यात इंधनाचा वाटा असू शकतो. १८ वरून १३ झालं तर उसावर खापर फोडून चालणार नाही. पण गाडी कुठल्या साली बनली आणि घट कधीपासून आहे, हे न सांगता नुसतं ‘ॲव्हरेज पडलं’ म्हणणाऱ्याला यातलं काहीच सांगता येत नाही.

बिघाडाचा प्रश्न विचारायची खरी शाळा अमेरिकेत रेडिओवर भरायची. टॉम आणि रे मॅग्लिओझी हे एमआयटीत शिकलेले, बोस्टनजवळ गॅरेज चालवणारे भाऊ. त्यांचा ‘कार टॉक’ १९७७ मध्ये बोस्टनच्या रेडिओवर सुरू झाला, १९८७ पासून देशभर गेला आणि २०१२ पर्यंत त्याचे नवे भाग होत राहिले. लोक फोन करत, आणि गाडीचा आवाज कसा येतो तो तोंडाने काढून दाखवायला हे दोघे त्यांना लावत. हसून हसून पुरेवाट व्हायची, पण त्या थट्टेमागे पक्की उलटतपासणी चाललेली असे. गाडी समोर नाही, हात लावता येत नाही. मग ऐकणाऱ्याकडे उरतं काय, तर आवाज कुठला, कधी आणि काय केलं की बदलतो, एवढंच.

आणि तेवढं बऱ्याचदा पुरतं. ‘पुढून आवाज येतो’ यातून काही कळत नाही. ‘स्टिअरिंग पूर्ण वळवून यू-टर्न घेताना टकटक होते’ म्हटलं की संशय एक्सलच्या जॉइंटवर जातो. वेगाबरोबर वाढणारी घूं-घूं महामार्गावर एका बाजूला वळताना वाढते आणि दुसऱ्या बाजूला कमी होते, असं सांगितलं की व्हील बेअरिंग. खडबडीत रस्त्यावर सावकाश जाताना खडखड, आणि चांगल्या रस्त्यावर काही नाही, तर सस्पेन्शनचे बुश किंवा लिंक रॉड. सकाळी पहिल्या स्टार्टला चिरका आवाज येऊन लगेच थांबतो, तर बेल्ट. तापण्याचंही तसंच. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरमागे अडकल्यावर काटा चढतो आणि गाडी पळू लागली की उतरतो, तर आधी पंखा बघावा. उलट पळतानाच चढत असेल तर कूलंट, रेडिएटर, थर्मोस्टॅट. फोनवर ऐकून निकाल देता येत नाही हे खरं. पण गॅरेजमध्ये आधी काय खोलायचं, हे ठरतं.

गडबड होते ती लोक लक्षणाऐवजी निदानच विचारतात तेव्हा. ‘क्लच प्लेट गेली, किती खर्च येईल?’ गेली कशावरून? मिस्त्री म्हणाला, की आरपीएम वाढतात आणि गाडी सरकत नाही, हे स्वतः अनुभवलं? दोन्ही सांगावं, पण वेगवेगळं सांगावं. स्कॅनरचंही तेच. त्यात ‘पी ०१७१’ आला की सेन्सर बदलून घेणारे पुष्कळ. प्रत्यक्षात तो कोड सांगतो एवढंच, की मिश्रणात इंधनाच्या मानाने हवा जास्त जातेय. एखादा फाटका होज हे काम करू शकतो, आणि तो सेन्सरच्या मानाने फुकटात बदलून होतो. आतापर्यंत काय काय बदललं, तेही लपवू नये. अनेकांना तिथे संकोच वाटतो. वास्तविक वाया गेलेल्या खर्चाची ती यादी उत्तर देणाऱ्याला फार कामाची असते.

जुन्या गाडीच्या प्रश्नाचा साचाही ठरलेला. ‘एमएच १२ पासिंग, २०२२ मॉडेल, फर्स्ट ओनर, २५ हजार रनिंग, कितीला घ्यावी?’ यातलं ‘२०२२’ नक्की काय, बनल्याचं साल की पासिंगचं? जानेवारी २०२३ मध्ये मारुती सुझुकीने एअरबॅगचा कंट्रोलर तपासण्यासाठी १७,३६२ गाड्या परत बोलावल्या. त्यांत ब्रेझा, बलेनो, ईको अशी नेहमीची नावं होती. पण फक्त ८ डिसेंबर २०२२ ते १२ जानेवारी २०२३ या काळात बनलेल्या. नोव्हेंबरातली ब्रेझा त्यात नाही, डिसेंबरातली असू शकते. अशा वेळी साल सांगून भागत नाही. महिना लागतो, आणि १७ अक्षर-अंकांचा चॅसिस नंबर कंपनीकडे तपासावा लागतो.

रनिंगचं खरं-खोटंही प्रश्नातच थोडं उघड होतं. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. ‘२३२४’ म्हणजे २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. २५ हजार रनिंगच्या गाडीचे चारही टायर गाडीपेक्षा दोन वर्षांनी तरुण असतील, तर पहिले का बदलले, हा प्रश्न विकणाऱ्याला विचारायलाच हवा. पेडलच्या रबराचा आणि ड्रायव्हरच्या सीटचा फोटो, सर्व्हिसच्या नोंदी, इन्शुरन्सचे जुने क्लेम, आरसीवर बँकेचा बोजा आहे की उतरवला, एवढं हाती आल्याशिवाय भाव विचारूच नये. आणि हे सगळं विचारताना मालकाचं नाव-पत्ता असलेल्या आरसीचा फोटो चारचौघांत टाकू नये.

काही प्रश्न मात्र कितीही तपशील दिला तरी सुधारत नाहीत, कारण ते प्रश्नच नसतात. टोकन देऊन झालेलं असतं, रंग ठरलेला असतो, आणि मग ‘क्रेटा घेतोय, बरोबर आहे ना?’ त्याला ‘अभिनंदन’ हे उत्तर पुरेसं.

उत्तर मिळाल्यावर बहुतेक जण गायब होतात. शेवटी बेअरिंगच निघालं की आणखी काही, सल्ला देणाऱ्याला कळतच नाही. ‘कार टॉक’च्या भावांनी यासाठी ‘स्टम्प द चम्प्स’ नावाचा वेगळा भागच ठेवला होता: आधी फोन केलेल्या एखाद्याला परत गाठायचं आणि आपण दिलेला सल्ला बरोबर निघाला की सपशेल आपटला, हे त्याच्याच तोंडून सगळ्या देशाला ऐकवायचं.