वैनगंगेपलीकडचे वर्तमानपत्र

नागपूरच्या छापखान्यांतून रात्री जे अंक सर्वांत आधी बाहेर पडतात ते सर्वांत दूरच्या वाचकांसाठी असतात. शहर आवृत्तीची पाने अजून जुळत असतात, मध्यरात्रीच्या बातमीसाठी पहिल्या पानावर जागा राखून ठेवलेली असते, आणि त्याच वेळी सिरोंचा, भामरागड, कोरची यांच्या वाट्याची डाक आवृत्ती छापून, मोजून, बांधून वाहनात चढलेली असते. कारण पुढे वैनगंगा ओलांडायची असते, गडचिरोलीपासून सिरोंच्यापर्यंत दोनशे किलोमीटरांहून अधिक वाट उरलेली असते, आणि त्या वाटेवर सूर्योदय कोणासाठी थांबत नाही. ज्याला अंक सर्वांत उशिरा मिळायचा त्याच्याचसाठी तो सर्वांत लवकर, म्हणजे सर्वांत अपुऱ्या बातम्यांनिशी, छापावा लागतो. या अडचणीत कोणाची कसूर नाही. ती भूगोलाची आहे. छापील वर्तमानपत्राने ती पिढ्यान्‌पिढ्या सोसली आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकानेही मुकाट्याने सोसली.

पहाटेच्या काळोखात गडचिरोलीच्या बसस्थानकालगत उभे राहून ही रवानगी मी निरखली आहे. टेम्पोतून गठ्ठे उतरतात. प्रत्येकावर एजंटाचे नाव, गावाचे नाव आणि प्रतींची संख्या यांची चिठ्ठी असते. गावातल्या गावात वाटायचे गठ्ठे तेथेच फुटतात, आणि जमिनीवर पसरलेल्या कापडाभोवती बसलेली मुले मुख्य अंकात पुरवणी व जाहिरातीचे कागद इतक्या चपळाईने घालतात की त्यांच्या बोटांकडे पाहताना संख्या मोजण्याचा आपला क्रम चुकतो, त्यांचा चुकत नाही. मग सायकली आणि मोटारसायकली आपापल्या लाइनीला लागतात. बाहेरगावचे गठ्ठे मात्र न फोडता बाजूला रचले जातात, आणि अहेरी, एटापल्ली, धानोरा, कुरखेडा अशा गावांना जाणाऱ्या पहिल्या एसटीची वाट पाहिली जाते. बस फलाटाला लागताच गठ्ठे वाहकाच्या स्वाधीन होतात. या देवघेवीत बोलणे फारसे होत नाही. कोणत्या फाट्यावर कोणता गठ्ठा टाकायचा हे वाहकाला पाठ असते, आणि एखाद्या नव्या वाहकाची नेमणूक झाली तर एजंट त्याला शेजारी उभे राहून गावांची नावे क्रमाने सांगतो.

एजंट हा या सर्व व्यवस्थेचा कणा, आणि त्याच्याविषयी फार थोडे लिहिले गेले आहे. वृत्तपत्राच्या कचेरीत तो अनामत भरतो, प्रतीमागे ठरलेले कमिशन घेतो, न खपलेल्या अंकांच्या वापसीचा हिशेब देतो, आणि महिनाअखेर दारोदार वसुलीला निघतो. वनातील तालुक्यांत ही वसुली महिन्याच्या कालगणनेला जुमानीत नाही. शिक्षक, वनरक्षक, तलाठी यांचे बिल वेळेवर येते. परंतु लहान दुकानदाराच्या हाती रोकड येते ती उन्हाळ्यात तेंदूपानाच्या हंगामानंतर किंवा दिवाळीच्या सुमारास धान घरात आल्यावर. तोवरची थकबाकी एजंट आपल्या पदरातून सांभाळतो. आलापल्लीच्या बाजूला मला भेटलेल्या एका वयस्क विक्रेत्याने आपली जुनी वही उघडून दाखविली तेव्हा तिच्यात वर्गणीदारांच्या नावांपुढे बदलीची गावेही नोंदलेली दिसली. माणूस बदलून गेला तरी त्याची बाकी आणि त्याची ओळख या दोन्ही गोष्टी या गृहस्थांनी जपून ठेवल्या होत्या.

बस हेच ज्याचे वाहन, त्याला बसचे सर्व भोग भोगावे लागतात. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर येऊन पुलावरून पाणी वाहू लागले की भामरागडचा संबंध तुटतो, आणि पाणी ओसरल्यावर चार दिवसांचे अंक एकदम येतात. जुलैअखेरीस आणि डिसेंबरच्या आरंभी नक्षलवादी जे सप्ताह पाळत त्या काळात आतल्या मार्गांवरील फेऱ्या बंद राहत आणि गठ्ठे अहेरी-आलापल्लीतच पडून राहत. रेल्वेचा आधार नाही. गडचिरोली जिल्ह्याची निर्मिती २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाली, परंतु आज इतक्या वर्षांनंतरही देसाईगंज म्हणजे वडसा या एकाच ठिकाणी आगगाडी या जिल्ह्याला स्पर्श करून जाते. त्या मानाने चंद्रपूर भाग्यवान. दिल्ली-चेन्नई लोहमार्ग त्याच्या दारातून जातो आणि नागपूरचा रस्ता अवघा दीडशे किलोमीटरांचा; तेथे चहाबरोबर अंक वाचण्याची सवय लोकांना लागली. वैनगंगेच्या दोन तीरांवर वर्तमानपत्र या वस्तूचे दोन निरनिराळे अर्थ होते असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये: अलीकडे ते सकाळचे होते, पलीकडे आत आत जावे तसे ते दुपारचे, संध्याकाळचे आणि शेवटी कालचे होत गेले.

नियतकालिकांचा मार्ग टपालाचा. नोंदणीकृत वृत्तपत्राला ५० ग्रॅमपर्यंत अवघ्या २५ पैशांचे टपालहंशील पडे, ही सवलत नसती तर जिल्ह्यातील लहान साप्ताहिके आणि पुण्या-मुंबईची मासिके या अरण्यात पोहोचलीच नसती. साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी सुरू केलेल्या ‘साधना’सारखे साप्ताहिक शाखा डाकघरातून, डाकसेवकाच्या सायकलीवरून, एखाद्या आश्रमशाळेतील शिक्षकाच्या हाती पडे, आणि त्याच्याकडून आणखी चौघांच्या. त्याच ‘साधना’ने २०१९ साली ‘कर्तव्य साधना’ हे डिजिटल व्यासपीठ उघडले. जो लेख टपालाने आठवड्याने मिळावयाचा तो आता धानोऱ्यात आणि पुण्यात एकाच क्षणी वाचता येतो. ज्यांनी आपल्या हयातीत दिवाळी अंक होळीच्या सुमारास वाचले आहेत, त्यांना या समानतेचे मोल निराळे सांगावे लागत नाही.

कागदापासून पडद्याकडे होणारे हे स्थलांतर कदाचित संथ गतीनेच झाले असते, परंतु दोन आघात लागोपाठ आले. २०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली, एसटी थांबली, आणि १८ एप्रिलच्या हुकुमाने राज्य शासनाने वृत्तपत्रांच्या घरपोच वाटपास मनाई केली. तीन दिवसांत त्या हुकुमात दुरुस्ती होऊन मुंबई-पुण्याबाहेर मोकळीक मिळाली खरी, तथापि कागदाला हात लावण्याची धास्ती लोकांच्या मनात बसली ती बसलीच. अंक दारात येईना, तेव्हा पानांची पीडीएफ व्हॉट्सॲपवर येऊ लागली. ते सावट ओसरते न ओसरते तोच २०२१च्या ऑक्टोबरअखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो पुढील वर्षीच्या एप्रिलपर्यंत चालला. ज्या मार्गांवर गठ्ठ्याला एसटीवाचून दुसरे वाहन नव्हते, तेथे वाटपाची साखळीच निखळली. वाचक मोबाइलकडे गेला, यात त्याच्या आवडीनिवडीचा भाग थोडा आणि निरुपायाचा भाग मोठा होता.

त्या मोबाइलला जाळेही हळूहळू मिळत गेले. नक्षलग्रस्त प्रदेशांतील मनोऱ्यांपैकी २,३४३ ठिकाणे टूजीवरून फोरजीवर नेण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२२च्या एप्रिलमध्ये मंजुरी दिली. आणि येथेच या विषयातील सर्वांत विचारणीय गोष्ट माझ्या लक्षात आली. एटापल्ली तालुक्यातील गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी मार्गावर एसटीची बस प्रथम धावली ती १ जानेवारी २०२५ रोजी. ज्या गावांना बसच स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी दिसली, त्यांना दैनिकाचा रोजचा गठ्ठा त्यापूर्वी कोठून मिळणार? छापील वर्तमानपत्राचे युग संपून डिजिटल युग आले, हे वाक्य मुंबईला लागू पडते, चंद्रपूरलाही लागू पडते. या गावांच्या बाबतीत ते निराधार आहे, कारण तेथे पहिले युग उगवलेच नव्हते. त्यांचे पहिले वर्तमानपत्र काचेच्या पडद्यावरच उमटले. शिवाय तेथील पुष्कळ वडीलधाऱ्यांची भाषा माडिया किंवा गोंडी आणि अक्षरओळख बेताची; त्यांना पडद्यावरील बोलणारी, दिसणारी बातमी छापील पानापेक्षा जवळची वाटावी हे अगदी स्वाभाविक आहे. हा लाभ मी निःसंकोचपणे मोठा मानतो.

मग एजंटाचे काय झाले? काहींनी दुकान बंद केले. त्यांच्या जागी कोणी आले नाही. परंतु आलापल्लीकडच्या ज्या वयस्क विक्रेत्यांचा उल्लेख मी वर केला त्यांची सकाळ आता अशी जाते: गठ्ठा येण्यापूर्वीच ते ई-पेपर उघडतात, जिल्ह्याचे पान निवडतात, आतल्या गावांतील जुन्या वर्गणीदारांच्या गटावर ते धाडतात, आणि गठ्ठा आल्यावर जे थोडे कागदाचे आग्रही ग्राहक उरले आहेत, म्हणजे ग्रंथालय, पंचायत समिती, एखादे पेन्शनर गृहस्थ, त्यांच्याकडे स्वतः जातात. या पाठवण्याचे त्यांना कमिशन नाही. अंकाला उशीर झाला, पान गाळले गेले, तर लोक पूर्वीप्रमाणेच त्यांना जाब विचारतात आणि ते तो देतात. उत्तरदायित्वाची ही सवय त्यांच्या अंगी मुरलेली आहे. दुसऱ्या बाजूने जी कात्रणे या गटांतून त्या गटांत फिरत येतात, त्यांच्यावर पत्राचे नाव नसते, तारीख नसते, आणि ती कोणी धाडली याचा मागही लागत नाही. दोन वर्षांपूर्वीची वाघाच्या हल्ल्याची बातमी काल घडल्यासारखी वाचली जाते आणि जंगलात मोहफुले वेचायला निघालेल्या बाया माघारी वळतात.

यापेक्षाही गंभीर बाब कायद्याची आहे. २०१३च्या भूसंपादन कायद्याच्या ११व्या कलमाप्रमाणे प्रारंभिक अधिसूचना राजपत्राखेरीज त्या परिसरात खप असलेल्या दोन दैनिकांत, आणि त्यांतील एक प्रादेशिक भाषेतील, अशी प्रसिद्ध करावी लागते. ती पंचायतीत व संकेतस्थळावरही लावावी लागते. कायदा करणाऱ्यांचा हेतू स्वच्छ होता: ज्याची जमीन जायची त्याला ते कळले पाहिजे. पण दैनिकाचा खप जिल्ह्याच्या ठिकाणी मोजला जातो आणि जमीन जाते ती खाणीच्या किंवा रस्त्याच्या कडेच्या गावात, जेथे त्या दैनिकाची एकही प्रत पोहोचत नाही. ई-पेपरमध्ये तीच सूचना बारीक अक्षरांच्या चित्रासारखी असते; शब्द घालून शोधावी तर सहसा सापडत नाही, आणि पानाचा फोटो पाठवणाऱ्याने जाहिरातीचा भाग कापला असेल तर दिसतही नाही. कागदाचा अंक निदान ग्रंथालयाच्या गठ्ठ्यात राहत असे आणि तंटा उद्भवला तर तहसील कचेरीत दाखवता येत असे. ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ पासून आहे, आणि सामूहिक वनहक्काचा पट्टा २००९ साली मिळवून धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने माहिती असलेली ग्रामसभा काय करू शकते हे साऱ्या देशाला दाखविले आहे. ती माहिती वेळेवर पोहोचण्याची तजवीज मात्र अजून फाट्यावर टाकलेल्या गठ्ठ्यासारखी कोणीतरी येऊन उचलील या भरवशावर सोडलेली आहे.

म्हणून प्रशासनाला विनंती आहे की अधिसूचनेच्या फायलीत दैनिकाच्या कात्रणाबरोबर त्या तालुक्याच्या एजंटाचा लेखी दाखला जोडावा: बाधित गावांत त्या दिवशी किती छापील प्रती गेल्या, आणि कोणत्या गटावर संपूर्ण पान, नाव व तारखेसह, धाडले गेले. प्रती गेल्या नसतील तर दाखल्यात शून्य लिहावे, आणि शून्य असेल तेथे सूचना ग्रामसभेत माडिया किंवा गोंडीत वाचून दाखविल्याखेरीज हरकतींची मुदत सुरू होऊ नये. या कामाचा मोबदला एजंटाला द्यावा. ज्या वह्यांत गावागावांची नावे अजून नीट लिहिलेली आहेत, त्या वह्या त्याच्याचपाशी आहेत.